जास्तीचा उजेड

हे सगळं २०३८ साली झालं. आदल्या दिवाळीपासून त्या वर्षीच्या चैत्रापर्यंत आमच्या नांदसंगमच्या घाटावर एकाही पिंडाला कावळा शिवला नाही. आज त्याला नऊ वर्षं झाली. मी आता एकोणऐंशीची आहे, तरी तो माघ आठवला की माझी कानशिलं तापतात. वय झालं, आता सोडून द्या, असं लोक सांगतात. का सोडू?

नांदसंगम म्हणजे कृष्णाकाठचं द्राक्षांचं गाव. गावाचा घाट काळ्या दगडाचा होता. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात त्या पायऱ्यांवरून अनवाणी उतरताना आम्ही पोरी टाचांवर उड्या मारत जायचो, इतका तो दगड तापायचा. दहाव्याला त्याच दगडावर पिंड ठेवायचे. काळ्या पायरीवर पांढरा भात. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागे सरतात न सरतात तोच कावळा हजर. कधी वेळ लागलाच तर कुणीतरी हात जोडून म्हणायचं, “नाना, धाकट्याचं शिक्षण आम्ही बघतो, काळजी करू नका.” मग कावळा यायचा आणि सगळे निःश्वास टाकून चहाला निघायचे. मेलेल्याची एखादी इच्छा मागे राहिली असली तर ती कावळ्याच्या चोचीतून कळते, असं आमच्याकडे मानतात. मी मानते का? मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. न दिसणाऱ्या माणसांची बोलणी तारेवरून जोडून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे पलीकडे कुणी नसतंच असं छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटत नाही, एवढंच.

मग घाटाचं सुशोभीकरण झालं. काळा दगड झाकून त्यावर फिकट राखाडी, जवळजवळ पांढऱ्या टाईल्स बसल्या. वरच्या अंगाला नदीकडे तोंड करून हॉटेलाची गच्ची झाली. गच्चीवर बसून मिसळ खाणाऱ्यांच्या ताटात कावळे चोच घालतात अशी तक्रार आली, आणि दिवाळीत घाटाच्या कडेनं राखाडी टोपीचे खांब उभे राहिले. आम्हाला वाटलं, दिवे असतील. रात्री ते लागत नाहीत हे पाहून वाटलं, नादुरुस्त असतील. सरकारी दिव्यांबद्दल आपण यापुढे विचार करत नाही.

माघात माझी भावजय मालन गेली. ताप आला, मेंदूत गेला, संपलं. मागे माझा धाकटा भाऊ जयसिंग राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू लुळी, आणि वाचा गेलेली. गेलेली म्हणजे, शिव्या तेवढ्या उरलेल्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्या मेंदूत वेगळ्या जागी असतात. सगळी भाषा गेली तरी ‘च्यायला’ स्पष्ट यायचं, आणि मला हाक मारायला ‘आक्का’. बस्स, दोन शब्द. त्या दोनांत तो सगळा संसार चालवायचा.

जयसिंगची दोन मुलं. थोरला ऋतुराज, इंजिनियर. पुण्याच्या एका कंपनीचा आमच्या भागातला माणूस. त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही, उगाच जाहिरात. धाकटी ईश्वरी मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत काम करायची. सहा महिने समुद्रावर, तीन महिने घरी. मालन बाजारात कुणी भेटलं की विषय तिथंच आणायची. “आमची ईश्वरी? ती काय, इंजिन उघडून बसली असेल कुठंतरी आफ्रिकेपाशी.” मात्र पोरगी निघाली की पदर तोंडाला लावून रडायचीही. ही दोन्ही खरी. पुढचा सगळा घोळ या दोन्ही खऱ्या असण्यातून झाला.

दहाव्याला आम्ही घाटावर जमलो. बंडूगुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही मागे सरलो. वर करंजाच्या झाडावर कावळे होते, ओरडतही होते. एक खाली आला. टाईल्सवर उड्या मारत पिंडापासून वीतभर अंतरावरून गेला. मान वाकडी केली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि उडून गेला.

“मालन, म्हशी इकणार न्हाई गं,” मालनचे भाऊ दिनकरमामा म्हणाले.

कावळा नाही.

“आई, बेदाण्याचं शेड तुझ्याच नावानं चालवीन,” ऋतुराज म्हणाला.

नाही.

“मालन, जयसिंगला मी आहे. मी मरेपर्यंत आहे,” मी म्हणाले.

झाडावरचे कावळे आमच्याकडे बघत होते. ऊन चढलं. बायकांत कुजबुज सुरू झाली. बंडूगुरुजी मला हळूच म्हणाले, “आक्का, यंदा काही खरं नाही. कुणाचाच शिवेना. पूर्वी दर्भाचा कावळा क्वचित करावा लागायचा. आता मी आदल्या दिवशीच करून ठेवतो.”

तेवढ्यात दिनकरमामांना सुचलं. “तिचा जीव पोरीत अडकलाय. दुसरं काय आसंल? ईश्वरी, बोल की बाई. जहाजावर जाणार न्हाई म्हण.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. बघा, बाप्यांनी काय दिलं? म्हशी न विकायचं वचन. शेडला नाव द्यायचं वचन. पोरीकडे मात्र मागितलं ते अख्खं आयुष्य, आणि मागणाऱ्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

“मामा, तिला नका...” मी म्हणायला लागले.

“आक्का, तुमी गप ऱ्हावा. आई तिची हाय.”

ईश्वरी पुढे झाली. गुडघ्यांवर बसली. तिच्या हातांवर इंजिनाच्या तेलाचे डाग कायमचे मुरलेले होते, ते हात जोडून म्हणाली, “आई, मी जात नाही. आण्णांजवळ राहते. परत जहाजावर पाय ठेवणार नाही. आता जेव.”

“च्यायला!” जयसिंग चाकाच्या खुर्चीतून मोठ्यानं ओरडला. लोकांनी माना खाली घातल्या. बिचारा, दुःखानं बोलला, असं त्यांना वाटलं. मला त्याचा अर्थ तेव्हाही स्पष्ट कळला होता.

कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी पिशवीतून दर्भाचा कावळा काढून पिंडाला लावला. म्हणजे पोरीचं वचनही गेलं आणि आई तृप्त झाली नाही हा सल वर राहिला. ऋतुराज सगळ्यांच्या मागे उभा होता. तो पिंडाकडे बघत नव्हता, वर खांबाकडे बघत होता. मला वाटलं, रडू लपवतोय.

ईश्वरीनं दुसऱ्या आठवड्यापासून बापाला आंघोळ घालायला सुरुवात केली. जहाजाच्या कंपनीचा फोन यायचा, कोचीला कधी येताय म्हणून. ती सांगायची, कळवते. फोन ठेवून ती मिक्सर उघडून बसायची. मिक्सर झाला, मग पाण्याची मोटर, मग शेजारणीचं शिवणयंत्र. घरातलं काही बिघडलेलं उरलं नाही तेव्हा तिनं चांगली चालणारी भिंतीवरची घड्याळं उघडली.

गावात त्या वर्षी वचनांची साथ आली होती. कावळा येईना म्हणून माणसं मेलेल्यांना वाटेल ते देऊन बसत होती. तोडकरांचे दोन भाऊ बांधावरून पंधरा वर्षं बोलत नव्हते, ते घाटावर एकमेकांच्या गळ्यात पडले. शाळेतल्या एका बाईंनी सासूच्या पिंडापुढे नोकरी सोडली. एकानं दारू सोडली, आणि खरंच सोडली. एका पोराचं त्याला नको असलेल्या मुलीशी लग्न झालं. देवळाच्या पारावर म्हाताऱ्या म्हणायच्या, “औंदा मेलेली माणसं लई चिडल्यात.” गाव घाबरलं होतं. मेलेल्यांना घाबरून जगणारे कसे वागतात ते मी त्या काही महिन्यांत पाहिलं.

फाल्गुनात ऋतुराज मला म्हणाला, “आत्ती, चल मळ्यात. गंमत दाखवतो.”

द्राक्षं उतरायला आली होती. दरसाल या दिवसांत आमच्या मळ्यात नुसता गोंगाट. पत्र्याचे डबे, फटाके, जाळ्या, गोफणी. त्या दिवशी सगळं शांत. वेलींखाली साळुंक्या चालत होत्या. त्यांच्या डोक्यावर चोच उंचावली की लागतील असे पिकलेले घड लोंबत होते. एकही साळुंकी वर चोच नेत नव्हती. गवतात काहीतरी शोधायची, सापडायचं नाही, पुढे जायची.

“आजारी आहेत का रे?”

“ठणठणीत आहेत. त्यांना द्राक्षं दिसत नाहीत.” तो इतका खूश होता की त्याला आईचं जाणंही आठवत नव्हतं. “आत्ती, रात्री समोरून ट्रक आला आणि त्याचा दिवा डोळ्यात गेला, तर रस्त्यावरचा माणूस दिसतो का?”

“नाही.”

“माणूस तिथंच असतो. पण डोळ्यात जास्तीचा उजेड सांडला की माणूस आणि रस्ता यांच्यातला फरक बुडतो. हे तेच आहे. फक्त ट्रक दिसत नाही.”

मग त्यानं समजावलं, आणि मला कळलं ते असं. डोळा नुसता उजेड बघत नाही, उजेडातला फरक बघतो. अंधाऱ्या खोलीत एक समई लावली तर भिंत उजळते. तीच समई मांडवात शंभर दिव्यांच्या मध्ये लावली तर लावली की नाही हे कुणाला कळत नाही. समई तीच, तिचा उजेड तोच, पण भोवतीच्या मानानं तो काहीच नाही. चांदण्या दिवसाही आभाळात असतातच. आता पक्ष्यांचं असं की रंगांत ते आपल्या फार पुढे. जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा उजेडही त्यांना दिसतो. आपल्या डोळ्यातलं भिंग तो उजेड आत येऊ देत नाही, त्यांचं देतं. पण फिकं आणि गडद यांच्यातला बारीक फरक ओळखण्यात ते आपल्या मागे. आपल्याला सहज कळणारी पुसट सावली त्यांना कळत नाही. फरक ठळक लागतो. ऋतुराजच्या कंपनीनं या दोन गोष्टी एकत्र बांधल्या. त्यांच्या दिव्यातून तो पलीकडचा उजेड अतिशय वेगानं लुकलुकत बाहेर पडायचा आणि पक्ष्याच्या डोळ्यात धुक्यासारखा पसरायचा. झाड, भिंत, माणूस अशा मोठ्या वस्तू त्यातूनही दिसायच्या, म्हणून पक्षी आपटून मरत नसत. लहान वस्तू, दाणा, किडा, घडातलं एकेक द्राक्ष, हे मात्र भोवतालात विरघळून जायचं. माणसाला यातलं काहीच दिसत नव्हतं. शेतकरी त्याला पाखरदिवा म्हणायला लागले होते.

“एक पक्षी मरत नाही, आत्ती. पूर्ण अहिंसक!”

“खातात काय मग?”

“जातात दुसरीकडं.”

“आणि सगळीकडं दिवे लागल्यावर?”

तो हसला. “तू पण ना.”

मी वर बघितलं. वेलींच्या वर लोखंडी खांब होता, आणि खांबावर राखाडी टोपी.

“ऋतुराज,” मी म्हणाले, “असले खांब घाटावर आहेत.”

साळुंक्या गवतातून चालत राहिल्या.

“तूच बसवलेस?”

“कंत्राट कंपनीचं होतं. हॉटेलाची मागणी होती.”

“दहाव्याला चालू होते?”

“ते दिवसभर चालूच असतात.”

मी बांधावर बसले. “म्हणजे कावळा येणार नाही हे तुला ठाऊक होतं. तुझी बहीण गुडघ्यांवर बसून आयुष्य देऊन टाकत होती, आणि तू मागे उभा राहून खांबाकडं बघत होतास.”

“मी तिला बोल म्हणालो नव्हतो. मामा म्हणाले.”

“गप्प राहिलास ना?”

“काय सांगायचं होतं, आत्ती? चारशे माणसांपुढं? की तुमचे कावळे मी आंधळे केलेत? दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं दहावं असतं. मारलं असतं लोकांनी मला.”

“मारायला पाहिजे होतं.”

“आणि खरं सांगू का,” त्याचा आवाज चढला, “ती राहिली ते काय वाईट झालं? आण्णांना कोण बघणार? मी दिवसभर फिरतीवर. माझी बायको तिच्या नोकरीत. तू सत्तरीची!”

हे खरं पोटातलं. त्यानं कट केला नव्हता. सोयीचं घडतंय म्हटल्यावर तो तोंड मिटून उभा राहिला, एवढंच. आयुष्यात मी उघड वैर करणारी माणसं बरीच पाहिली, त्यांच्याशी भांडताही येतं. या मिटल्या तोंडांशी कसं भांडायचं? मी त्याच्या मळ्यातलं एक द्राक्षही तोंडात न घालता चालत घरी आले.

संध्याकाळी ईश्वरीला सगळं सांगितलं. ती बापाला पेज भरवत होती. मला वाटलं होतं, ती उठेल, बॅग काढेल. तिनं चमचा वाटीत ठेवला.

“ठीक आहे,” ती म्हणाली.

“काय ठीक आहे?”

“दिव्यामुळं आला नाही. पण दिवा नसता तर आला असता कशावरून? आईला काय हवं होतं तुला ठाऊक आहे का, आत्ती? मी निघाले की रडायची. तिनं कधी तोंडानं म्हटलं नाही, पण रडायची. मामा बोलले ते खरं असलं तर?”

“अगं, तुझ्या आईनं गावभर तुझी टिमकी वाजवली!”

“ते पण खरं आणि रडणं पण खरं. मी बोलले ते आईशी बोलले. कावळ्याशी नाही.”

मी तिच्यावरही ओरडले. माझा संताप तेव्हा सगळ्यांना सारखाच वाटला जात होता. “इंजिन बंद पडलं तर असंच करतेस का गं जहाजावर? काय बिघडलंय ते न बघता देवाचं नाव घेऊन बसतेस?”

ती चिडून म्हणाली, “मग काय करू?”

“दिवे बंद करायला लाव. परत पिंड ठेव. परत विचार.”

तिचा चेहरा उतरला. “आणि तरी नाही आला तर?”

याचं उत्तर जयसिंगनं दिलं. “च्यायला,” तो म्हणाला, आणि डाव्या हातानं पेजेची वाटी ढकलून दिली.

चैत्रात मालनचं तिसरं मासिक यायचं होतं. कोचीच्या कंपनीनं त्याच महिन्याची अखेर दिली होती, नंतर जागा दुसऱ्याला. मी ऋतुराजला बोलावून सांगितलं की त्या दिवशी सकाळी घाटावरचे दिवे बंद हवेत, नाहीतर मी पारावर उभी राहून सगळं सांगते.

तो म्हणाला, “आत्ती, तू रागात आहेस, पण एक ऐक. पक्षी जागा लक्षात ठेवतात तशी सोडूनही देतात. घाटावर खायला मिळत नाही हे कावळ्यांना इतक्या महिन्यांत कळलंय. दिवे त्या सकाळी बंद केले तरी ते येतीलच असं नाही. आणि दिवे बंद असताना नाही आला, तर ती जन्मभर इथून हलणार नाही. मग तुझ्यामुळं अडकेल ती.”

तो घाबरवत होता असं मला वाटलं. आज वाटतं, तो पहिल्यांदा तिच्या बाजूनं विचार करत होता. पण मी तेव्हा म्हणाले, “तू दिवे बंद कर. बाकीचं मी आणि मालन बघून घेऊ.”

मासिकाच्या सकाळी, काळ्यावर भात ठळक दिसावा म्हणून, मी स्वयंपाकघरातला पाटा काढला. माझ्या आईचा, काळ्या दगडाचा, दर दिवाळीत टाकी लावून घेतलेला. तो मला उचलेना. ईश्वरीनं उचलला आणि जयसिंगच्या मांडीवर ठेवला, आणि आमची वरात चाकाच्या खुर्चीमागून घाटावर गेली. आम्ही परत पिंड ठेवणार ही बातमी फुटली होती. तोडकर बंधू होते, शाळेतल्या बाई होत्या, वचनं देऊन बसलेले कितीतरी जण होते.

बंडूगुरुजी पाट्याकडे बघत राहिले. “आक्का, पाट्यावर पिंड? शास्त्रात नाही हे.”

“टाईल्स आहेत का शास्त्रात?”

“नाहीत.”

“मग ठेवा.”

थोरल्या तोडकराला दिव्याची कुणकुण लागली होती. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “आक्का, तुमचं काय ते करा. पण दिव्याचं कुणाला बोलू नका. आमी दोघं भाऊ पंधरा वर्सांनी एका ताटात जेवलो. ते खोटं ठरवू नका.”

“खोटं ते नाही,” मी म्हणाले, “पण ते तुमच्यानं कावळ्याशिवाय का झालं नाही?” त्याला राग आला. येऊ दे. मला त्या दिवशी कुणाचं बरं वाटावं अशी इच्छा नव्हती.

ऋतुराज खांबाशी उभा होता. त्यानं मान हलवली. दिवे बंद.

ईश्वरीनं आदल्या दिवशी काय बोलायचं ते ठरवलं होतं. मला म्हणून दाखवलं होतं. आई, मी शब्द मागे घेते, मी जाते, तुझी हरकत असेल तर येऊ नको. ती पाट्यापुढे उभी राहिली. करंजाचं झाड रिकामं होतं. खरंच रिकामं, एक कावळा नाही. ऋतुराजचं खरं होतं, मी या पोरीला बुडवलं, असं वाटलं.

गुरुजींनी भात ठेवला, वर दही घातलं, आणि मंत्र म्हणत मागे सरायला लागले. दिनकरमामांनी सवयीनं खाकरून घसा साफ केला आणि हात जोडले, “मालन...”

घाटाशेजारच्या पंपघराच्या छपरावरून कावळा सरळ पाट्यावर आला.

कुणी काही मागितलं नव्हतं. कुणी काही दिलं नव्हतं. ईश्वरीनं तोंडही उघडलं नव्हतं. कावळ्यानं चोच भरून भात घेतला, गिळला, परत घेतला. दुसरा आला, तिसरा आला.

“अहो थांबा, मंत्र राहिलाय!” बंडूगुरुजी ओरडले. कोण थांबतंय. पाट्यावर काळी झुंबड उडाली. माणसं हळूहळू एकमेकांकडे बघायला लागली. ज्यानं त्यानं आपापल्या वचनाचा विचार सुरू केला असणार.

मला वाटलं ईश्वरी रडेल. ती वळली आणि चालत भावापर्यंत गेली. मी तिला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

“तिनं काहीच मागितलं नव्हतं,” ती म्हणाली. “ऐकलंस का रे? काहीच नाही. ती फक्त जेवायला आली. आणि तू मला तिच्याशी भांडायला लावलंस. एवढे दिवस मी मनात आईशी भांडतेय. म्हणतेय, तू अशी कशी निघालीस, मेल्यावर मला बांधून घातलंस. मेलेल्या आईशी!”

“ईशू...”

“मी गुडघ्यांवर होते तेव्हा तू कुठं बघत होतास?”

ऋतुराज म्हणाला, “मला वाटलं होतं येईल.”

“काय?”

“दिवे मीच लावलेले. येणार नाही हे मला गणितानं ठाऊक होतं. तरी वाटलं, आईचा आहे म्हटल्यावर... येईल. मी वाट बघत होतो. तू बोललीस तेव्हा पण वाट बघत होतो.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. “मग तेवढं तरी मोठ्यानं म्हणायचंस,” ती म्हणाली, आणि बापाच्या खुर्चीकडे गेली.

ईश्वरी महिन्याच्या आत कोचीला गेली. आज ती मुख्य इंजिनियर आहे. तिनं लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल दिनकरमामांनी मरेपर्यंत मला बोल लावला. मामांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. खादाड होते, मला नवल वाटलं नाही.

जयसिंग पुढे चार वर्षं जगला. त्याला सकाळची आंघोळ ऋतुराज घालायचा. फिरती सोडून घालायचा. जयसिंग रोज न चुकता त्याला च्यायला म्हणायचा, आणि ऋतुराज ‘हो आण्णा’ म्हणायचा. शेवटच्या वर्षी त्या शब्दातली धार गेली होती, हे मालन असती तर तिला कळलं असतं. मला तर कळलंच.

ऋतुराजनं त्या मासिकाच्या आधी घाटावरचे दिवे एका सकाळपुरते नव्हे, आठवडाभर बंद ठेवले होते, आणि रोज पहाटे पंपघरापाशी भात टाकून कावळ्यांना परत सवय लावली होती. हे मला पुढे गुरुजींकडून कळलं. हॉटेलवाल्यानं तक्रार केली, कंपनीनं त्याला काढलं. आता तो बेदाण्याचं शेड बघतो. तो भात टाकायला गेला हे मला आवडलं. दहाव्याला तोंड मिटून उभा राहिला हे मी विसरले नाही. एकानं दुसरं फिटत नाही.

तोडकर बंधू दिवाळीच्या आत परत भांडले. दारू सोडलेल्यानं परत धरली नाही. शाळेतल्या बाईंना नोकरी परत मिळाली नाही, जागा भरली गेली होती. त्या अजून वाटेत भेटतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत. दिव्याचं खरं मी मासिकानंतर गावाला सांगितलं, ते फार उशिरा, असं त्यांना वाटतं. ज्यांनी खरं लपवलं त्यांच्याशी मात्र त्या बोलतात. असो. नाही, असो कशाला? मला त्याचाही राग आहे.

घाटावरचे खांब गेले नाहीत. सकाळी दहाव्यांच्या वेळी ते आपोआप बंद होतात आणि नंतर चालू होतात, अशी तडजोड निघाली. मळ्यांमध्ये तर आता तालुकाभर पाखरदिवे आहेत. साळुंक्या दुसरीकडे जातात, असं सांगतात. ते दुसरीकडे कुठं आहे, हे कुणी मला अजून दाखवलेलं नाही.

मी ईश्वरीला आणि ऋतुराजला समोरासमोर बसवून सांगून ठेवलंय. माझा पिंड ठेवायचा असेल तर ठेवा, नसेल तर नका ठेवू. पण ठेवलात तर तिथं एकानंही तोंड उघडायचं नाही. कावळा आला तर येईल, नाही आला तर घरी जाऊन जेवा. माझं जे काही मागणं असेल ते मी जिवंतपणी, तुमच्या तोंडावर, ओरडून मागेन.